राजीनाम्याआधी पगाराची लेखी मागणी कर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. इंग्लंडमधली तुझी कंपनी क्लायंटच्या घरोघरी जाऊन केलेल्या कामाचा पगार थकवते, म्हणून ‘उद्या राजीनामा टाकते, मग ट्रिब्युनलमध्ये’, म्हणजे नोकरीच्या तक्रारींच्या न्यायाधिकरणात, ‘बघून घेते’ हे तुझं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसले. राजीनामा थांबव. आधी थकलेल्या पगाराची लेखी मागणी कर.

तू दोन दावे एकत्र करते आहेस. बुडवलेल्या पगाराचा दावा नोकरीत राहूनही करता येतो आणि त्याला किती वर्षं नोकरी झाली याची अट नाही. कंपनीच्या वागण्यामुळे नोकरी सोडावी लागली, म्हणजे कन्स्ट्रक्टिव्ह डिसमिसल, या दाव्याला मात्र इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे सलग दोन वर्षांची नोकरी लागते. ही अट जानेवारी २०२७ पासून सहा महिन्यांवर येते आहे, पण तू उद्याच बाहेर पडायला निघालीस आणि तुझे चौदाच महिने झालेत.

या अटीला एक अपवाद आहे आणि तो तुझ्यासाठी फार मोलाचा आहे. कायद्याने मिळायला हवा तो पगार कापला, अशी तक्रार तू प्रामाणिकपणे केलीस आणि त्या कारणाने तुला काढलं किंवा छळून बाहेर घालवलं, तर दोन वर्षांची अट लागत नाही. १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टचं कलम १०४ बघ. पण तुझी मागणी आजवर फोनवर आणि तोंडीच झाली आहे. कागदावर काहीच नसेल, तर पुढचा त्रास त्या मागणीमुळेच झाला हे दाखवणार कसं?

घाईने नोकरी सोडलेल्याचं काय होतं ते वेस्टर्न एक्स्कॅव्हेटिंग विरुद्ध शार्प या खटल्यात दिसतं. शार्पला पैशांची चणचण होती. साठलेल्या सुट्ट्यांचा पगार आगाऊ मिळेना, म्हणून तो मिळवण्यासाठी त्याने नोकरीच सोडली. अपिलात तो हरला, कारण आगाऊ पैसे देण्याचं बंधन कंपनीवर नव्हतं. मालक वाईट वागला एवढं पुरत नाही; त्याने कराराच्या मुळावरच घाव घातलेला असावा लागतो. केलेल्या कामाचे पैसे जाणूनबुजून न देणं हा असा घाव ठरू शकतो, त्यामुळे तुझी बाजू शार्पपेक्षा भक्कम आहे. पण महिनोन्‌महिने निमूटपणे काम करत राहिलीस, तर ‘हिने हे मान्य केलं’ असंही म्हणता येतं. म्हणून आक्षेप लेखी हवा, आणि लवकर.

ई-मेलमध्ये राग नको, हिशोब हवा: तारीख, तास, मिळालेले पैसे, राहिलेले पैसे. रोटा (कामाच्या पाळ्यांचा तक्ता), पेस्लिप आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी ठेवून बस. एका क्लायंटच्या घरून दुसऱ्याच्या घरी जाण्याचा वेळ किमान वेतनाच्या हिशोबात धरावाच लागतो; तुझ्या घरून पहिल्या क्लायंटकडे जाण्याचा नाही. क्लायंटची खाजगी माहिती मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस. त्यावरून उलट तुझ्यावरच कारवाई होऊ शकते.

मुदत हा सगळ्यांत निर्दय भाग. पैसे कापले त्या दिवसापासून तीन महिन्यांना एक दिवस कमी, असंच धरून चाल. ती वाढवण्याची तरतूद झाली आहे, पण तिच्यावर विसंबू नकोस. कंपनीत ग्रीव्हन्स, म्हणजे अंतर्गत तक्रार, चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही. दाव्याआधी एकॅसकडे, म्हणजे मालक-कामगार वाद मिटवणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे, समेटासाठी कळवावं लागतं आणि त्यांचं सर्टिफिकेट मिळाल्यावरच ट्रिब्युनलचा अर्ज भरता येतो. अर्जाला फी नाही. २०१३ मध्ये ती लावली होती. युनिसन या कामगार संघटनेने लढून २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाकडून रद्द करून घेतली. दावा हरलीस तरी समोरच्या वकिलाचा खर्च एरवी तुझ्यावर येत नाही.

राहिला व्हिसा. नोकरी सुटली की स्पॉन्सर, म्हणजे जिच्या नावावर तुझा व्हिसा आहे ती कंपनी, होम ऑफिसला (तिथल्या गृहखात्याला) कळवते, आणि नवा स्पॉन्सर शोधायला त्यांच्या पत्रापासून साधारण ६० दिवस मिळतात. नेमकी हीच भीती दाखवून तुझ्यासारख्या मुलींना फुकट राबवलं जातं, याचा मला मनापासून संताप येतो. म्हणून आधी दुसरा स्पॉन्सर शोधायला लाग. सोडायची वेळ आलीच, तर राजीनाम्यात कारण स्पष्ट लिही. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द अजिबात नकोत.

मेलचा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव. वाचून देते, मग सोमवारी सकाळी कंपनीला पाठव.

तुझी,
मावशी