इकॉनॉमिक्स चॅलेंजची टीम: विषय वाटून घ्यावेत का?

ताई, मुलगी न्यू जर्सीत एडिसनला दहावीत, चौघांची टीम नॅशनल इकॉनॉमिक्स चॅलेंज या अमेरिकेतल्या शालेय अर्थशास्त्र स्पर्धेला उतरतेय आणि एकाने मायक्रो (ग्राहक, कंपन्या, बाजार यांचं अर्थशास्त्र), दुसरीने मॅक्रो (सगळ्या देशाचं) असं वाटून घेतलंय, हे बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: वाटून घेऊ नये. इथल्या मुलांची तयारी घेताना जे दिसलं त्यावरून सांगतो.

आधी गट बघा. कौन्सिल फॉर इकॉनॉमिक एज्युकेशनच्या या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरणाऱ्या, फार तर एखादा कोर्स झालेल्या मुलांसाठी डेव्हिड रिकार्डो गट असतो. एपी, आयबी असे वरच्या पातळीचे कोर्स घेणारे अ‍ॅडम स्मिथ गटात. स्मिथमध्ये जास्त मान, असा आपल्या पालकांचा एक गोड गैरसमज आहे. रिकार्डोत बसत असतील तर तिथेच उतरू द्या.

आता वाटणीचं. मायक्रो, मॅक्रो, जागतिक अर्थकारण आणि चालू घडामोडी यांचे पेपर असतात, तिथे एकवेळ निभावेल. पुढे क्रिटिकल थिंकिंगची फेरी येते. टीमला एक प्रसंग देतात, ठरावीक वेळात चर्चा करून परीक्षकांसमोर मांडायचं. तिथे वाटणीवाल्या टीमची बोबडी वळते, कारण खरा प्रश्न कुठल्याच एका धड्यातला नसतो.

सरावाला घरचंच उदाहरण घ्या. ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये ६०व्या स्ट्रीटच्या खाली गाडी नेली की दिवसा ९ डॉलर लागतात. ई-झेडपास (टोल आपोआप कापणारा टॅग) असेल आणि न्यू जर्सीहून लिंकन किंवा हॉलंड टनेलने आलात तर दिवसा ३ डॉलर वळते होतात. न्यू जर्सी या योजनेविरुद्ध २०२३ मध्येच कोर्टात गेलं होतं. मुलांना विचारा, ९च का, २० का नाही? एक्स्टर्नॅलिटी, म्हणजे एकाच्या गाडीचा त्रास बाकीच्यांना, हे कुणीही सांगेल. पण ज्याला ट्रेनचा पर्याय नाही त्याची इलॅस्टिसिटी किती (दर वाढला की तो गाडी नेणं कितपत कमी करेल), पैसा न्यूयॉर्कच्या एमटीएला, म्हणजे तिथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेला जातो तर जर्सीकराने का भरावा, माल आणणाऱ्या ट्रकचा भार शेवटी कुणावर पडतो? इथे चौघांची जुंपली पाहिजे. अर्धा तास भांडू द्या, मग पाच मिनिटांत उभं राहून मांडायला लावा. आठवड्यातून एकदा हे झालं तर वर्कशीटचे गठ्ठे लागत नाहीत.

मॅक्रोत एक सापळा आहे. जुने व्हिडिओ अजून रिझर्व्ह रिक्वायरमेंट (बँकांनी ठेवींचा ठरावीक हिस्सा राखून ठेवायची अट) आणि मनी मल्टिप्लायर (त्यावरून पैसा किती पट होतो याचं गणित) घोकून घेतात. ती अट फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, मार्च २०२० मध्येच शून्यावर आणली. व्याजदर आता मुख्यतः बँकांनी फेडकडे ठेवलेल्या रिझर्व्हवर दिल्या जाणाऱ्या व्याजातून सांभाळला जातो. मल्टिप्लायरचं गणित यायला हवंच, पण परीक्षकाने "आज फेड दर कसा कमी करेल?" विचारलं की जुनं उत्तर उघडं पडतं.

चालू घडामोडींसाठी रोजचा पेपर पालथा घालायची गरज नाही. फेडच्या वर्षाला आठ ठरलेल्या बैठका होतात, प्रत्येकीनंतर छोटं निवेदन येतं. मागचं आणि नवं शेजारी ठेवून कुठला शब्द बदलला ते शोधायला लावा. आकडे सेंट लुईस फेडच्या फ्रेड साइटवर फुकट आहेत.

बझर दाबून झटपट उत्तरं द्यायचा सराव अगदी शेवटी. आणि चौघांत जो गप्प बसतो, परीक्षकांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरावात त्यालाच द्यायला लावा.