कॅपॅसिटर पॅनेल पहिल्यांदा हाताळताना

अंबडच्या कारखान्यात एपीएफसी पॅनेल (लोडप्रमाणे कॅपॅसिटर आपोआप चालू-बंद करून पॉवर फॅक्टर सुधारणारं पॅनेल) तुझ्याकडे आलंय, तर घाबरू नकोस. हार्मोनिक्स, फिल्टर वगैरे सध्या बाजूला ठेव. आधी आठवडाभर दर तासाला किलोवॅट, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या एकूण पॉवरपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग) आणि व्होल्टेज वहीत लिही. रात्रपाळीचेसुद्धा!

मग हिशोब कर. 100 किलोवॅटच्या लोडचा पॉवर फॅक्टर 0.80 वरून 0.95 वर न्यायला साधारण 42 केव्हीएआर (कॅपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक) लागतात. पण कॅपॅसिटरवरची पाटी नीट वाच: 440 व्होल्टला 25 केव्हीएआर असलेला नग 415 व्होल्टला जेमतेम 22 देतो. त्याचं बळ व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलतं, म्हणजे व्होल्टेज दहा टक्के पडलं की 81 टक्केच उरतं. नेमकी गरज असते तेव्हाच तो हात आखडता घेतो. हे एकदा डोक्यात बसलं की व्होल्टेज का कोसळतं, तेही समजायला लागतं.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- रिलेचा (कॅपॅसिटर कधी जोडायचे ते ठरवणाऱ्या कंट्रोलरचा) सीटी, म्हणजे करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर, चुकीच्या जागी. तो इनकमरवर, म्हणजे कारखान्यात येणाऱ्या मुख्य लाइनवर हवा, लोड आणि कॅपॅसिटर दोन्हींचा करंट त्यातून गेला पाहिजे.
- लोड उतरल्यावरही कॅपॅसिटर चालूच. सातपूरला मी हे केलं होतं. पहाटे पॉवर फॅक्टर लीडिंग (गरजेपेक्षा जास्त कॅपॅसिटर जोडलेले) आणि व्होल्टेज चढलेलं.
- स्विच बंद केला की लगेच हात घालणं. चार्ज उरलेला असतो. थांब, मीटरने तपास, डिस्चार्ज रॉड लाव, मगच टर्मिनलला हात लाव. यात घाई अजिबात नको.

आठवड्याचे आकडे जमले की पाठव, स्टेप (कॅपॅसिटर टप्प्याटप्प्याने जोडायचे गट) कशा पाडायच्या ते मिळून ठरवू.