नव्या गाडीच्या चाकातून कट-कट आवाज, आणि शोरूम म्हणतं ‘नॉर्मल आहे’

प्रश्न : मी बार्शीला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. चौदा महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका शोरूममधून ८ लाख ६० हजारांची नवी गाडी घेतली. पाचव्या महिन्यापासून वळण घेताना पुढच्या डाव्या चाकाकडून कट-कट असा आवाज येतो. चार वेळा गाडी दाखवली. दर वेळी ‘नॉर्मल आहे, रनिंग वाढलं की जाईल’ असं सांगून परत पाठवलं. जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलं. गेल्या महिन्यात मात्र सांगितलं, की एक्सलचं रबर बाहेरून मार लागून फाटलंय, वॉरंटीत बसत नाही, १९,५०० रुपये लागतील. मला गाडी बदलून मिळेल का? फसवणुकीची पोलिस तक्रार करू का? की गावातल्या मेकॅनिककडून एक्सल बदलून मोकळी होऊ?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे घाई झाली तर बाकीचं सगळं अवघड होईल. एक्सल आत्ता बाहेर खोलून घेऊ नका. तो काढला, जुना भाग भंगारात गेला, की तुमचा सगळ्यात मोठा पुरावा गेला. शिवाय ‘बाहेरच्या माणसाने हात लावला’ म्हणून वॉरंटी नाकारायला शोरूमला आयतं कारण मिळेल. न खोलता तपासणी मात्र लगेच करून घ्या. गाडी जॅकवर घेऊन चाक हलवलं, की व्हील नट सैल आहेत का, चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटमध्ये खेळ (ढिलेपणा) आहे का, हे जाणत्या मेकॅनिकला कळतं. बॉल जॉइंट गेला असेल तर गाडी अजिबात चालवू नका, तो निखळला की चाकच कोलमडतं. सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवत ठेवणारा एक्सलच्या टोकाचा सांधा, खराब असेल तरी लांबचा प्रवास नको.

आता आवाजाविषयी. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट येत असेल, तर पहिला संशय एक्सलच्या चाकाकडच्या सीव्ही जॉइंटवर जातो. खड्ड्यातून जाताना येत असेल तर लिंक रॉड, बुश किंवा स्ट्रट माउंट अशा सस्पेन्शनच्या भागांवर. रिव्हर्सनंतर पहिल्यांदा ब्रेक दाबला की एकदाच ‘टक’ होत असेल, तर बहुतेक वेळा ब्रेक पॅड जागेवर सरकतात, त्यात दोष नसतो. वेगाबरोबर तालात वाढणारी टिकटिक टायरच्या खाचेत अडकलेल्या खड्याचीही असते. यातलं नेमकं काय, हे ठरवणं तुमचं काम नाही. तुम्ही लक्षण सांगायचं आणि ते कागदावर येईल हे बघायचं. आतापर्यंत नेमकं तेच झालेलं नाही.

म्हणून मोकळ्या मैदानात गाडी न्या. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून हळूहळू गोल फिरवा, मग उजवीकडे, मग रिव्हर्समध्ये. एक जण आत बसून आणि एक जण बाहेरून फोनवर व्हिडिओ घेईल. सुरुवातीला किलोमीटरचा आकडा दिसू द्या. मग चाक वळवून त्याच्या मागे टॉर्च मारा. घड्यांचं काळं रबर दिसतं, तोच सीव्ही जॉइंटवरचा बूट, शोरूम ज्याला ‘एक्सलचं रबर’ म्हणतं तो. तो फाटलेला असेल तर आतलं ग्रीस चाक फिरताना उडून रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेलं असतं. त्याचेही फोटो घ्या. व्हिडिओची मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवा, नुसती व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत पुरणार नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं.

त्या बुटावरच तुमची केस उभी राहते. शोरूम म्हणतं तो बाहेरून मार लागून फाटला. क्षणभर मान्य करू. पण कधी फाटला? बूट फाटतो, ग्रीस जातं, धूळ-पाणी शिरतं, आतल्या गोळ्या खाचा झिजवतात आणि मग आवाज सुरू होतो. सुरुवातीला लक्षात आलं तर बूट आणि ग्रीस बदलून भागतं. जॉइंट वाजायला लागला की जॉइंट किंवा अख्खा एक्सल बदलावा लागतो. बहुतेक कंपन्यांच्या सर्व्हिसच्या तपासणी यादीत हे बूट बघणं असतं. मग फ्री सर्व्हिसला तो कोणी बघितला का? चार वेळा आवाजाची तक्रार घेऊन गेलात तेव्हा कोणी चाकामागे डोकावलं का? बघितला आणि धड होता, तर आवाज ‘नॉर्मल’ कसा ठरवला? बघितलाच नाही, तर ती सेवेतली त्रुटी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पादनातला दोष सिद्ध करणं कठीण जातं आणि नुसत्या त्याच्यावर भिस्त ठेवलेल्या तक्रारी तिथेच अडतात. तुम्ही दोन्ही मुद्दे मांडा.

गाडी बदलून मिळेल का, याचं सरळ उत्तर : शक्यता फार कमी. ग्राहक आयोगाला याच कायद्याच्या कलम ३९ खाली दोष काढणं, वस्तू बदलून देणं, पैसे परत, भरपाई असे सगळे आदेश देता येतात. पण मारुती उद्योगच्या २००६ सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्या-बदलण्यापुरती आहे म्हणून गाडी बदलून देण्याचा आदेश टिकू दिला नाही. शिवाय समोरचे वकील किलोमीटरचा आकडा दाखवून विचारतील, की गाडी एवढी चालली तर सदोष कशी? या युक्तिवादात दम आहे. म्हणून मागणी माफक ठेवा : एक्सल विनाखर्च बदलून मिळावा, त्या भागावर नव्याने वॉरंटी, पुण्याच्या खेपांचा खर्च, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च.

पोलिसांकडे जाऊ नका. फसवणुकीच्या गुन्ह्यात विकतानाच लबाडीचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि तुमच्या हकिगतीत तसं काही दिसत नाही.

शोरूम आणि उत्पादक कंपनी दोघांनाही आधी लेखी नोटीस द्या, पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि ईमेलनेही. चारही भेटींच्या तारखा, त्या वेळचे किलोमीटर, काय सांगितलं, हे त्यात येऊ द्या. जॉब कार्डवर तक्रार लिहिली नव्हती, ही उणीव या पत्राने बऱ्याच अंशी भरून निघेल. बूट ‘बाहेरून’ फाटला हे कशावरून ठरवलं, याचा लेखी अहवाल फोटोंसह मागा. १५ दिवसांची मुदत द्या. मधल्या काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. पुष्कळदा कंपनी तिथेच हलते.

नाहीच हलली, तर पुण्याला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्ही सोलापूरला करा. गाडीची किंमत ५ ते १० लाखांच्या टप्प्यात असल्याने शुल्क २०० रुपये. तक्रार ऑनलाइन भरता येते, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. शोरूमविरुद्ध सेवेतली त्रुटी आणि कंपनीविरुद्ध सदोष भाग व वॉरंटी, असं वेगवेगळं लिहा. विक्रेत्याच्या स्वतःच्या चुकीसाठी उत्पादक आपोआप जबाबदार ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गोव्यातल्या एका गाडीच्या प्रकरणात सांगितलं आहे.

तक्रारीसोबतच कलम ३८(२)(ग) खाली तज्ज्ञ तपासणीचा अर्ज द्या. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू तपासणीला पाठवतो आणि ४५ दिवसांत अहवाल मागवतो. त्याचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागू शकतं. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल विभागाच्या प्राध्यापकांची नेमणूक सुचवा. तपासणी असलेल्या तक्रारीचा निकाल कायद्याप्रमाणे पाच महिन्यांत लागायला हवा. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. पहिल्या तारखांनाच मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर नाकारू नका. १९,५०० रुपयांच्या वादात कंपनीलाही तपासणी नकोच असते.

गाडीवाचून अगदीच अडत असेल, तर नोटिशीत तारीख घालून कळवा, की त्या दिवशी अमुक ठिकाणी एक्सल उतरवला जाणार आहे, तुमचा माणूस पाठवा. कोणी आलं नाही तरी उतरवतानाचा सलग व्हिडिओ घ्या, जुना एक्सल बुटासकट पोत्यात शिवून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन घरी ठेवा आणि बदललेल्या भागाचं पक्कं बिल घ्या.

तक्रारीची मुदत कलम ६९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. ‘वॉरंटीत बसत नाही’ असं गेल्या महिन्यात सांगितलं म्हणून मुदत तिथून सुरू झाली, असं गृहीत धरू नका. आवाजासाठी पहिल्यांदा शोरूमला गेलात ती तारीख धरा. ते जॉब कार्ड सापडत नसेल तर त्या दिवशीचा फास्टॅगचा टोल किंवा सर्व्हिस अॅडव्हायझरला केलेला फोन शोधा.