दावा बनवणाऱ्यावर की विकणाऱ्यावर?

प्रश्न : माझा थोरला भाऊ कॅलिफोर्नियात एका दुकानात रात्रपाळी करायचा. गेल्या वर्षी दरोडेखोराच्या गोळीनं तो गेला. पिस्तूल मारेकऱ्याच्या मैत्रिणीच्या नावावर घेतलेलं होतं. पिस्तूल बनवणारी कंपनी आणि विकणारं दुकान यांच्यावर भरपाईचा दावा लावता येईल का? वहिनी आणि पुतण्या तिकडेच आहेत, वडील सांगलीत. त्यांना काही हक्क आहे का?
– एक वाचक, सांगली

ताई, पोलिसांच्या कागदांची प्रत जोडलीत ते फार बरं केलंत. तुमची केस त्यातल्या चार ओळींत आहे. मैत्रीण दुकानात गेली तेव्हा मारेकरी सोबत होता. पिस्तूल हातात घेऊन पसंत त्यानं केलं, नोटाही त्यानंच मोजल्या. कॅलिफोर्नियात ताबा मिळायला १० दिवस थांबावं लागतं. तेवढ्या दिवसांनी पुन्हा दोघंच आले.

कंपनीचा नाद सोडा, असं माझं मत आहे. शस्त्राचा गुन्ह्यात वापर झाला एवढ्यावरून बनवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला कोर्टात खेचता येत नाही, असा अमेरिकेत २००५चा केंद्रीय कायदा आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. सॅंडी हूक शाळेतल्या गोळीबारातल्या बळींच्या नऊ कुटुंबांना २०२२ मध्ये ७.३ कोटी डॉलर मिळाले, हे उदाहरण तुम्हाला कुणीतरी देईलच. पण तो दावा तग धरून राहिला तो बंदूक बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीच्या जाहिरातींमुळे, आणि पैसे दिले विमा कंपन्यांनी. तुमच्या कागदांत जाहिरातीचा विषयच नाही. शिवाय जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं बंदूक कंपन्यांवरचा मेक्सिको सरकारचा दावा एकमतानं फेटाळला.

दुकानाचं तसं नाही. जाणूनबुजून कायदा मोडून केलेली विक्री, किंवा धोका दिसत असताना दिलेलं शस्त्र, हे त्या अपवादांत बसतं. खरेदीच्या सरकारी फॉर्मवर प्रश्न असतो : तुम्हीच खरे खरेदीदार आहात का? मैत्रिणीनं ‘हो’ लिहिलं. नोटा दुसराच मोजत होता, हे काउंटरवरच्या माणसाला दिसलं नाही? अमेरिकेतल्याच मिल्वॉकी शहरात अशाच विक्रीतल्या पिस्तुलानं जखमी झालेल्या दोन पोलिसांना ज्युरीनं २०१५ मध्ये दुकानाकडून सुमारे ६० लाख डॉलर मंजूर केले. त्यातही खरा गिऱ्हाईक दुकानात हजर होता. (पुढे ते बऱ्याच कमी रकमेवर मिटलं, हेही ध्यानात ठेवा.) कॅलिफोर्नियाच्या २०२२च्या कायद्यानं तर अशी खरेदी रोखण्याची वाजवी काळजी घेणं दुकानदारावर बंधनकारक केलंय, आणि झळ पोचलेली व्यक्ती स्वतः दावा लावू शकते.

मुख्य वादी वहिनी आणि पुतण्या. वडील भावावर अवलंबून होते हे दाखवलं तर तेही येतात. दरमहा पैसे यायचे म्हणता ना? मग बँकेचं पासबुक जपून ठेवा, जुनं रद्द झालेलंसुद्धा.

भाऊ कामावर असताना गेला, त्यामुळे मालकाच्या विम्याकडून मिळणारी रक्कम वेगळी. ती वहिनींनी मागितली का, विचारा.

मी इथली वकील. दावा तिथलाच वकील चालवेल. तिकडे जिंकलं तरच वाटा घेणारे वकील मिळतात, आपल्याकडे त्याला बंदी आहे. मात्र हरल्यास समोरच्याचा खर्च कुणाच्या माथी, हे करारात लिहून घ्या. कोलोरॅडोत ऑरोराच्या गोळीबारात मुलगी गमावलेल्या आईवडिलांवर, दारूगोळा विकणाऱ्यांचा दोन लाखांहून जास्त डॉलरचा वकीलखर्च भरायची वेळ आली होती. तिथला कायदा वेगळा होता, तरी विचारा.

मुदत साधारण २ वर्षं, मृत्यूच्या तारखेपासून. पण त्याआधी दुकानाला वकिलामार्फत नोटीस जाऊ द्या : त्या दोन्ही दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण, पावत्या आणि तो फॉर्म नष्ट करू नका. चित्रण अजून असेल तर नशीब. अशा चित्रणावर दुसरं चढायला वेळ लागत नाही. वहिनींना आजच फोन करा.