खेड्यात राहून जुन्या युद्धनौकांचे टपाल-शिक्के आणि लिफाफे जमवता येतात का? सुरुवात कुठून करावी? पुढे त्यांना किंमत येते का?

किमतीचं आधी उरकतो. फारशी येत नाही. तेवढ्यासाठीच जमवायचं असेल तर राहू द्या.

सुरुवात घरापासून करा. विदर्भात समुद्र नाही, पण नेव्हीत गेलेली पोरं गावोगाव आहेत आणि त्यांची पत्रं अजून पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत. फक्त जाताना कात्री सोबत नेऊ नका. हे का म्हणतो ते ऐका.

माझे थोरले काका १९७१ मध्ये नौदलाच्या पश्चिम ताफ्यातल्या एका फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेवर होते. आमचं गाव आर्वी तालुक्यात. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. रेडिओवर बातमी आली तेव्हा आमच्याकडे चूल पेटली नाही. काकांच्या बोटीचं नाव वेगळं आहे, हे आजीला पटवणार कोण? तिच्या लेखी जहाज म्हणजे जहाज.

काही दिवसांनी काकांचा लिफाफा आला. आत नेहमीचंच, मी खुशाल आहे, काळजी करू नये. पण काका पत्रावर तारीख घालायचे नाहीत. मास्तरांनी वाचून दाखवलं तर आजी म्हणे, "हे चिठ्ठी जहाज बुडाच्या आंधीची हाय का मांगूनची?" सगळे गप्प. मास्तरांनी लिफाफा उलटासुलटा केला, दारात उजेडाला नेऊन तिकिटावरचा शिक्का वाचला. "तेरा तारीख हाय जी काकी, मुंबईचा शिक्का. मांगूनची हाय." आजी तिथंच भिंतीला टेकून बसली. मी तेव्हा चौथीत होतो. शिक्का ही काय चीज असते ते मला त्या दिवशी कळलं.

आता पुढचं. त्या लिफाफ्यावर रोजच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं 'रेफ्युजी रिलीफ' छापलेलं तिकीट होतं. बांगलादेशी निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून सरकारने टपालावर जादा कर लावला होता, त्याचं. तेराचा शिक्का नेमका दोन्ही तिकिटांवर मिळून बसलेला. आमचे साडभाऊ नागपूरला राहतात, जाडजूड अल्बम आहेत त्यांचे. एका दिवाळीला आले, मी जिनिंगवर कापूस घेऊन गेलेलो, तेवढ्यात त्यांनी पेटी उघडायला लावली आणि ते पाच पैशांचं तिकीट कात्रीने कापून नेलं. वर पाण्यात भिजवून कागद सोडवला. आज लिफाफ्यावर चौकोनी भोक आहे, उरलेल्या तिकिटावर अर्धं वर्तुळ आहे आणि तारीख कुठंच नाही. म्हणे, "भाऊ, कागदात काय ठेवलंय? किंमत तिकिटाला." अहो, ते साधं तिकीट आजही चहाच्या पैशांत मिळतं!

म्हणून लिफाफा अख्खा ठेवा. पाठवणाऱ्याचा पत्ता, मागचा पोच शिक्का, घडी, शाईचा डाग, सगळ्यासकट.

ओळखायचं कसं? अमेरिकन युद्धनौकांवर १९०८ पासून स्वतःची पोस्ट ऑफिसं आहेत. त्यांच्या शिक्क्याच्या गोलात बहुधा जहाजाचं नाव असतं, कधी गोलाशेजारच्या आडव्या पट्ट्यांच्या मध्ये बंदराचंही. १९३२ पासून तिथे हे जमवणाऱ्यांची संस्थाच आहे, त्यामुळे वर्गवारी तयार मिळते. ॲरिझोनासारख्या पर्ल हार्बरला बुडालेल्या जहाजाचे नकली शिक्केही तितकेच तयार मिळतात, तेव्हा स्वस्तात दिसलं की हुरळू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश नौदलाच्या टपालावर जहाजाचं नाव मुद्दाम दडवलेलं असायचं, नुसतं 'मेरिटाइम मेल' म्हणजे समुद्री टपाल, आणि सेन्सॉरची मोहोर.

आपल्याकडे जहाजांचं टपाल फ्लीट मेल ऑफिसातून, म्हणजे नौदलासाठीच्या पोस्टातून जातं. लष्करी पोस्टाच्या शिक्क्यात बहुधा गावाच्या जागी नुसता नंबर दिसतो. मग जहाज शोधायचं ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून, नाहीतर जहाजाच्या स्वतःच्या जांभळ्या रबरी शिक्क्यावरून. हा रबरी शिक्का टपाल खात्याचा नसतो. नवे लोक दोन्हींत गल्लत करतात, आमचे अल्बमवालेही करतात.

जहाज ताफ्यात दाखल होताना किंवा निवृत्त होताना सेनेची टपाल सेवा खास पाकिटं काढते. साडभाऊंकडे तीच आहेत, कोरी करकरीत, कोणी कोणाला न लिहिलेली. जुनी विमानवाहू विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, २०१४ मध्ये तोडायला घेतली. विराट २०१७ ला निवृत्त, २०२० ला अलंगच्या किनाऱ्यावर. तरीही ज्या पाकिटात पत्रच नाही त्याला मी टपाल म्हणत नाही. विक्रांतवरच्या एखाद्या खलाशाने बायकोला लिहिलेलं मळकं अंतर्देशीय मिळालं तर अशी दहा देऊन घ्या.

जपायचं म्हणाल तर लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेपही नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सेलोटेपचा गोंद वितळून कागदात उतरतो. पावसाळ्यात पेटी जमिनीवर ठेवू नका, कसर आणि वाळवी दोन्ही येतात.

एक राहिलं. पत्रं दुसऱ्याच्या घरची असतील तर आधी घरच्यांना विचारा, मजकूर खाजगी असतो. आणि सध्या नोकरीवर असलेल्या पोराचा पत्ता इंटरनेटवर टाकू नका. खास पाकिटं जमवणाऱ्यांना राग आला असेल तर माझा इलाज नाही. माझ्याकडेही विक्रांतचं एक आहे, पण ते काकांनी रजिस्टरने धाडलेलं, आत चार ओळी लिहून.