जुन्या येझदी मोटरसायकलचं पासिंग झालंय, चोर्ला घाटातून बेळगावला नेऊ का?

पासिंग म्हणजे कागद चोख, एवढंच. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवताना तपासणी होते खरी, पण ड्रम उघडून ब्रेकचे लायनर बघत कोण बसणार? त्यात गोव्याची खारी हवा! वरून रंग चकचकीत आणि चासीच्या (सांगाड्याच्या) नळ्या आतून पोखरलेल्या, हे इथे नेहमीचंच. सीटखालचे आणि स्टँडजवळचे वेल्डिंगचे जोड आधी पाहा. मेन स्टँडवर लावून मागचं चाक आडवं हलवा. खटखटलं तर बुश किंवा बेअरिंग गेलंय. स्पोकवर पाना वाजवत जा, ढप्प आवाजाचा ढिला. पन्नाशीनंतर विंटेज नोंदणी मिळते, पण मग गाडी रोज वापरता येत नाही. घाटाआधी लायनर मात्र नवेच टाका.