दिव्यांगांना व्हीलचेअरसारखं साहित्य वाटण्यापेक्षा सरकारने सरळ खात्यावर पैसे टाकले तर काय बिघडलं?

बिघडतं. पण वाटप आता चाललंय तसंच चालू दे म्हणणारा मी नाही, उलट त्या वाटपाने आमच्या घरात काय करून ठेवलं ते आधी सांगतो.

आम्ही बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातले. माझी अक्का माळ्यावरून पडली, पाठीच्या कण्याला मार बसला, कमरेखाली संवेदना नाही. हाताच्या मशीनवर ब्लाउज शिवायची, गावात गिऱ्हाईक चांगलं होतं. एका शिबिरात तिला व्हीलचेअर मिळाली, पाहुण्यांसोबत फोटो झाला, सही झाली, संपलं. माप कुणी घेतलंच नाही. खुर्चीची बैठक 18 इंच रुंद आणि अक्का बारीक अंगाची, बसली की एका बाजूला कलंडायची, मग बाजूला उशी लावायची, ती सरकली तरी तिला कळणार कसं, तिथं संवेदनाच नाही ना, आणि पावसाळा संपता संपता बैठकीच्या हाडावर बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम. डॉक्टरांनी पालथं झोपायला लावलं. शिवणकाम बंद, गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं ते सगळं परत आलंच नाही. पुढची छोटी चाकं तर आमच्या अंगणातल्या तांबड्या चिखलात रुतायची ती वेगळीच.

मी तक्रार करतो म्हटल्यावर आमचे मामा पाहुण्यांसमोर म्हणाले, "फुकट मिळालीय, वर मापाची पण पायजे काय तुम्हाला?" होय मामा, मापाचीच पायजे. तुमच्या घरातल्या बायका अक्काकडं ब्लाउज टाकताना माप देऊनच टाकायच्या की वो. ढगळ ब्लाउजने जखम होत नाही, ढगळ खुर्चीने होते.

आणि फुकट कसलं? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात उत्पन्नाच्या मर्यादेत साहित्य मोफत द्यायचं लिहिलेलंच आहे. दिव्यांगांना असं साहित्य देणारी केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे, 40 टक्के अपंगत्वाचा दाखला आणि महिन्याला 22,500 पर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण खर्च सरकारचा. उपकार नाहीत ते.

आता तुम्ही म्हणता ते खात्यावरचे पैसे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्येच व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्यात, त्यात पैसा आणि ऑर्डर ही चौथी. आधी तपासणी, माप, निवड; नंतर खुर्ची बसवून बघणं, वापरायला शिकवणं आणि शेवटी दुरुस्ती. खात्यावर पैसे आले तर आमच्या गावातला माणूस बेळगावात जाऊन दुकानातली तीच 18 इंची घेऊन येणार, नाहीतर घरचे त्यातून पत्रे घालणार. अक्काची आत्ताची खुर्ची आम्ही पुण्याहून मापाने मागवली, पदरच्या पैशाने, आणि तिचं बेअरिंग गेलं की अजून गावातल्या सायकलवाल्याच्याच पाया पडावं लागतं. त्यात व्हीलचेअरवर जीएसटी 5 टक्के, तो का घेतात हे मला आजपर्यंत कुणी पटवून दिलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की खर्च करायचा तर माप घेणाऱ्यावर आणि दुरुस्तीवर करा. कर्नाटकात दिव्यांगांसाठी ग्रामपंचायतीला व्हीआरडब्ल्यू (गावपातळीवरचे पुनर्वसन कार्यकर्ते) आहेत, तालुक्याला एमआरडब्ल्यू (तालुकापातळीवरचे पुनर्वसन कार्यकर्ते) आहेत, ते स्वतः दिव्यांग असतात, त्यांना दाखले आणि पेन्शनच्या कागदातच अडकवून ठेवलंय. त्यांना माप घ्यायला शिकवा, तालुक्याला एक दुरुस्तीचं दुकान द्या. आणि अर्ज मराठीतही ठेवा, सीमाभागात कितीतरी घरांत कन्नड अर्ज शेजाऱ्याकडून भरून घ्यावा लागतो.

हां, हे मी व्हीलचेअरपुरतं बोलतोय. अंध मुलाला स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालणारा फोन घ्यायचा असेल तर पैसे दिलेले चालतील, फोन कुठंही मिळतो. आणि शिबिर नकोच असंही नाही, आमच्यासारखं पुण्याहून मागवणं सगळ्यांना कुठं परवडतंय. तुमच्या घरी कुणाला घ्यायची असेल तर सही करायच्या आधी माणसाला खुर्चीत बसवा, कंबर आणि खुर्चीची बाजू यांच्यामध्ये दोन्हीकडं चार बोटांची रुंदी मावत असेल तर खुर्ची मोठी आहे, घेऊ नका, मागे उभा असलेला मामा काहीही म्हणू दे.